दोनावूरच्या अम्मांची खोली

तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात दोनावूर नावाचे खेडे आहे. तेथील बालकाश्रमाच्या संस्थापिका एमी कार्मायकेल यांचे नाव आपल्या मंडळ्यांना अपरिचित नाही. परंतु त्यांच्या आयुष्याची शेवटची जवळजवळ वीस वर्षे एका खोलीत, बिछान्यावर गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

एमीबाईंचा जन्म आयर्लंडमधील मिलआयल या गावी 16 डिसेंबर 1867 रोजी झाला. सात भावंडांत त्या थोरल्या. काही काळ जपानात सेवा करून 1895 साली त्या हिंदुस्थानात आल्या व पुन्हा मायदेशी कधी परतल्या नाहीत. 1901 साली देवळाला वाहिली जाणार असलेली एक लहान मुलगी पळून त्यांच्या आश्रयाला आली. देवदासीची चाल बेळगावकडील वाचकांना सांगायला नको. त्या एका मुलीमागून अनेक आल्या, पुढे मुलगेही आले, आणि एमीबाई सर्वांच्या अम्मा झाल्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांचे पाऊल स्वस्थ नसे.

1931 साली त्यांचे वय 63 होते. जवळच्या कळक्काड गावी दवाखान्यासाठी भाड्याने घेतलेले घर पाहायला त्या गेल्या. आपण अधिक उपयोगी पडावे म्हणून प्रभूने आपले काय वाटेल ते करावे, अशी प्रार्थना त्यांनी त्याच सकाळी केली होती. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मजुरांनी खणलेला खड्डा दिसला नाही व त्या आत पडल्या. पाय मोडला, घोटा निखळला, पाठीलाही मुरड बसली. त्यांना दूरच्या नेय्यूर येथील मिशन इस्पितळात नेण्यात आले.

काही आठवड्यांत अम्मा चालू लागतील, असे सर्वांना वाटले. मंडळीने कळकळीने प्रार्थना केल्या. परंतु दुखणे गेले नाही. पाठीचे व नसांचे दुखणे जडले, सांधे धरले, झोप उडाली. पुढे खोलीबाहेर पडणेही क्वचितच होई.

सकाळची प्रार्थना आणि संध्याकाळचा तो खड्डा यांचा मेळ घालणे आपल्याला जड जाते. अम्मांनाही ते सोपे गेले नसावे. पण त्या कटू झाल्या नाहीत, आणि दुखत नाही असे सोंगही त्यांनी आणले नाही.

त्या दिवसांत हितचिंतक त्यांना समाधानाच्या पुस्तिका पाठवीत. त्यांतल्या बऱ्याच धडधाकट माणसांनी लिहिलेल्या होत्या आणि दुखणाईताच्या मनाला त्या लागू पडत नसत. म्हणून अम्मांनी आजाऱ्याने आजाऱ्यांना लिहावी तशी पत्रे लिहिली. त्यांचे पुस्तक 1933 साली निघाले. त्यानंतरही त्या पडल्या पडल्या लिहीत राहिल्या आणि खाटेवरून दहाहून अधिक पुस्तके झाली. आश्रमाचा कारभारही त्या चिठ्ठ्यांतून पाहत. मुले, सेवक, पाहुणे एकेक करून खोलीत येत. पूर्वी शंभर कामांत वाटली जाणारी अम्मा आता समोर बसलेल्या एकट्याची होई.

1948 साली त्या खोलीतच पुन्हा पडल्या, आणि मग उठून बसणेही कठीण झाले. 18 जानेवारी 1951 रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. थडग्यावर दगड नको, अशी त्यांची इच्छा होती. तेथे पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवले असून त्यावर आई या अर्थाचा एक तमिळ शब्द कोरला आहे.

वाचकहो, आपल्या प्रत्येक मंडळीत असा कोणीतरी असतो. जिन्यावरून, झाडावरून, परातीवरून कोसळलेला, हाड जुळूनही पूर्वीसारखा न झालेला. पहिल्या महिन्यात त्याच्या घरी रीघ लागते, दुसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही. गेलोच तर विश्वास कमी पडला असेल, किंवा आता निवांत प्रार्थना करता येत असेल, असे बोलून येतो. दुखण्यात निवांतपणा नसतो, आणि अम्मांचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल?

तेव्हा अशा घरी जाताना उपदेश थोडा न्यावा व वेळ पुष्कळ न्यावा. त्याला जमेल असे एखादे काम मंडळीने त्याच्याकडे सोपवावे: हिशेब, पत्रे, लहान मुलांची शिकवणी. बिछान्यावरचा मनुष्य केवळ आपल्या दयेचा विषय नाही. दोनावूरचे घर वीस वर्षे एका बिछान्यावरून चालले होते.