नगर, विद्यापीठ आणि बाग

विद्यापीठ शहरात असते; परंतु ते शहराचे असतेच असे नाही. विद्यार्थी ज्या गल्लीत तीन-चार वर्षे काढतो, तिच्याशी त्याचे नाते बहुधा भाडेकऱ्याचेच राहते. हे नाते बदलण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. लंडनला त्यांनी हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली. सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे झेपेना, तेव्हा सजीव आणि त्याची परिस्थिती यांचा संबंध शोधणारी त्यांची बुद्धी माणूस आणि त्याची वस्ती यांकडे वळली.

एडिंबरोचे जुने शहर त्या काळी दाटी आणि दारिद्र्य यांनी ग्रासलेले होते. सधन कुटुंबे केव्हाच नव्या नगरात निघून गेली होती. १८८६ मध्ये विवाह झाल्यावर गेडिस दांपत्य मात्र उलट दिशेने गेले. जेम्स कोर्टमधील जुनाट इमारतीत बिऱ्हाड थाटून शेजाऱ्यांच्या बरोबरीने त्यांनी साफसफाई आणि रंगसफेदी केली. १८८७ मध्ये त्याच परिसरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. त्याचा कारभारही विद्यार्थ्यांच्याच हाती होता. जुन्या इमारती घेण्याचा आर्थिक भार असह्य झाला तेव्हा, १८९६ मध्ये, तो एका संस्थेने उचलला. नगर आणि विद्यापीठ ही जोडी त्या संस्थेच्या नावातच होती.

पुढे त्यांच्या प्रेरणेने जुन्या शहरातील पडीक जागांची मोजदाद झाली. अशा ७६ जागा, मिळून सुमारे १० एकर, आढळल्या. कन्या नोरा यांच्या पुढाकाराने त्यांपैकी काही जागी बागा उभ्या राहिल्या. त्यांत गल्लीतील मुलांना खेळायला आणि माती हाताळायला जागा मिळाली. या उद्योगाला उणी बाजूही होती. रॅमसे गार्डनमधील सुंदर घरांत प्राध्यापक राहायला आले; कालांतराने ती जागा महाग झाली. परिसर सुधारला की गरीब शेजाऱ्याला तो परवडत नाही, हा पेच गेडिस यांनाही पूर्णपणे सुटला नाही.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. रुंद रस्त्यासाठी वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त करण्याऐवजी मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढावीत, तेथे चौक करून झाडे लावावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यात खर्च कमी आणि माणसांची वाताहत त्याहून कमी. १९१७ मध्ये पत्नी आणि ज्येष्ठ पुत्र दोघेही गेले. तरी काम थांबले नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे ते प्राध्यापक झाले. गो. स. घुर्ये हे त्यांचेच विद्यार्थी. १९२४ मध्ये ते फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. तेथेही त्यांनी विद्यार्थ्यांसाठी निवास उभारला आणि १९३२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

महाविद्यालयाचे आवार आणि शेजारची वस्ती यांच्यामध्ये आज बहुधा भिंत असते. तिच्या आतली हिरवळ एकाची आणि बाहेरची धूळ दुसऱ्याची, अशी वाटणी आपण मुकाट्याने मान्य केली आहे. बागेचे मूल्य केवळ जमिनीच्या भावाने ठरत नाही. तेथे कोण कोणाला ओळखू लागले, यानेही ते ठरते. विद्यार्थी आणि शेजारी यांनी मिळून एखादी पडीक जागा सांभाळायला घेतली, तर गेडिस यांचा धडा पाठ्यपुस्तकाबाहेर गिरवला जाईल.