मालगुंडचे मास्तर

गणपतीपुळ्यास श्रींचे दर्शन घेऊन आणि डोंगराला प्रदक्षिणा घालून परतणाऱ्या भाविकाने वाट थोडी वाकडी केली, तर जवळच मालगुंड लागते. या गावी १८६६ मध्ये कृष्णाजी केशव दामले जन्मास आले. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत ते हेच. परंतु हयातीत बहुतेकांच्या लेखी ते एक शाळामास्तर होते.

वडीलही शिक्षकच. कृष्णाजी १८८९ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. पुढे मुंबईत तात्पुरत्या नोकऱ्यांवर संसार रेटावा लागला. 'तुतारी' व 'झपूर्झा' या कविता त्याच ओढग्रस्तीतल्या, १८९३ च्या. प्लेगच्या भीतीने मुंबई सुटली आणि ते खानदेशात गेले. आधी भडगाव, मग फैजपूर. फैजपुरास ते मुख्याध्यापक होते. तेथेच १९०१ मध्ये त्यांनी 'आम्ही कोण?' लिहिली. तीतले उत्तर मात्र कवीचे आहे, मुख्याध्यापकाचे नव्हे.

१९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून ते रुजू झाले. जिच्यात लिहायचे तीच भाषा वर्गात शिकवायची, असा योग अखेर जुळून आला. तो दोन वर्षेही टिकला नाही. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. काही दिवसांतच पत्नीही गेली. मागे उरल्या सुमारे १३५ कविता. त्यांचे पुस्तक हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने निघाले, तेही १९१७ मध्ये.

मास्तरकीने कवी खाल्ला, असे हळहळून म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. शाळेने त्यांना भाकरी दिली आणि त्या भाकरीवर कविता जगली. घात केला तो अस्थिर नोकरीने, वणवणीने आणि रोगाने. आजही चित्र काढणारा चित्रकलाशिक्षक चित्रकारांत मास्तर ठरतो आणि शाळेत त्याचे चित्र रिकामपणचा उद्योग समजले जाते. अलीकडे तर कलाशिक्षकांना अंशकालीन निदेशक म्हणून तुटपुंज्या मानधनावर नेमले गेले. ज्याच्या हाती कला जिवंत आहे, तोच ती मुलांच्या हाती देऊ शकतो, हे नेमणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

मालगुंडास १९९४ मध्ये केशवसुतांचे स्मारक उभे राहिले, हे उचितच झाले. पण हयात असलेल्या कलावंत शिक्षकाला कायमची नोकरी आणि स्वतःच्या कामापुरती फुरसत मिळेल, तर केशवसुतांचे त्याहून खरे स्मारक होईल.