पिळाचा तराजू करणारे कूलोम

थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांवरून कंगवा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटतात. का बरं? घासल्यामुळे कंगव्यावर विद्युतभार येतो. पण हे बळ मोजायचं कसं? ते मोजून दाखवणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

चार्ल्स कूलोम यांचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्समधील आंगुलेम या गावी झाला. त्यांनी वैद्य व्हावे अशी आईची इच्छा होती, पण त्यांना गोडी गणिताची! त्यातच वडिलांचा पैसा बुडाला. तरी चार्ल्स यांनी शिक्षण सोडले नाही. ते लष्करात इंजिनियर झाले.

१७६४ साली त्यांना समुद्रापार मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला पाठवले. तिथे त्यांनी आठ वर्षे काढली. तिथली हवा मानवेना. वरचेवर आजारी पडून प्रकृती कायमची खालावली. पण दगड, माती, भिंती यांवर कोणते बळ कसे काम करते, हे त्यांनी तिथेच बारकाईने पाहिले आणि परत आल्यावर लिहून काढले.

१७८१ मध्ये ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले. पुढे १७८३ साली ब्रिटनी प्रांतातील कालवे आणि बंदरे यांच्या योजना तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यावरून मोठा वाद पेटला आणि कूलोम यांना आठवडाभर कैदेत राहावे लागले! दुसरा एखादा खचून गेला असता. कूलोम पुन्हा आपल्या कामाला लागले.

त्यांनी एक नाजूक तराजू बनवला. त्याला पारडी नव्हती. चांदीच्या अगदी बारीक तारेला एक आडवी काडी टांगलेली. काडीच्या टोकाला भेंडाची गोळी. (जोंधळ्याच्या ताटात असतो ना, तसा हलका भेंड.) शेजारी तशीच दुसरी गोळी, पण पक्की बसवलेली. वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून सगळे काचेच्या भांड्यात.

दोन्ही गोळ्यांना सारखाच विद्युतभार दिला. लगेच टांगलेली गोळी दूर पळाली आणि ३६ अंशांवर थांबली. म्हणजे तारेला ३६ अंशांचा पीळ बसला. मग कूलोम यांनी वरून तार पिळून गोळीला १८ अंशांवर आणले. एकूण पीळ किती झाला? १४४ अंश! पुन्हा पिळून साडेआठ अंशांवर आणले, तेव्हा पीळ भरला पाचशे साडेपंचाहत्तर, म्हणजे ५७५.५ अंश.

आता पाटीवर मांडून बघा. अंतर निम्मे केले, तर बळ चौपट. अंतर पाव केले, तर बळ सोळापट. ३६ ला १६ ने गुणा, ५७६ येतात. किती जवळ आहे पाहा! हाच १७८५ सालचा कूलोमचा नियम.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. धातूसारख्या वाहकाला दिलेला विद्युतभार आत शिरत नाही, बाहेरच्या पृष्ठभागावरच पसरून राहतो.

म्हातारपणी, १८०२ पासून, ते सरकारी शिक्षण खात्यात मोठे निरीक्षक होते. फ्रान्समध्ये ठिकठिकाणी शाळा उभ्या करण्यासाठी ते झटले. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. आज जगभर विद्युतभार ज्या एककात मोजतात, त्याचे नाव कूलोम आहे. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरही त्यांचे नाव कोरलेले आहे.

घरी करून बघा : दोन फुगे फुगवून दोऱ्यांनी शेजारी शेजारी टांगा. दोन्ही लोकरीच्या कापडावर घासा. ते एकमेकांपासून दूर सरतील. आईबाबांनाही दाखवा. विजेच्या बटणाशी आणि तारांशी मात्र खेळायचं नाही हं!

शरीर साथ देईना, कैद वाट्याला आली, तरी कूलोम यांनी मोजणे सोडले नाही. आपणही अवघड गणित पाहून पाटी खाली ठेवायची नाही.