उमर खय्याम : अडलेल्या गणिताला पाठ न दाखवणारे उस्ताद

दर पालकसभेत कुणी ना कुणी अम्मी किंवा अब्बा हळूच येऊन सांगतात की आमच्या घरात गणित कुणालाच जमलं नाही, तेव्हा या मुलीकडून तरी काय अपेक्षा ठेवायची. मुलगी शेजारीच उभी असते आणि सगळं ऐकत असते. त्या दिवसापासून तिच्या वहीत एक बदल दिसू लागतो. उदाहरण जरा लांबलं की ती पेन खाली ठेवते. तिला उत्तर येत नाही असं नसतं. अडल्यावर आणखी थोडा वेळ बसून राहायचं असतं, ही गोष्ट तिला कुणी सांगितलेलीच नसते.

अशा मुलामुलींना मी उमर खय्याम यांची गोष्ट सांगते. बहुतेकांना खय्याम म्हणजे रुबाया लिहिणारे शायर एवढंच माहीत असतं. एडवर्ड फिट्झजेराल्ड यांनी 1859 मध्ये इंग्रजीत केलेल्या अनुवादामुळे ते नाव जगभर गेलं. पण आपल्या हयातीत खय्याम ओळखले जात ते गणिती, खगोलशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ म्हणून.

त्यांचा जन्म 1048 साली खुरासानमधल्या निशापूर शहरात झाला. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. घराण्याचा हा पिढीजात धंदा असावा, असं नावावरून मानलं जातं. निजामुल्मुल्क, हसन बिन सब्बाह आणि खय्याम एकाच मदरशात शिकत होते, ही कहाणी आपल्याकडे फार ऐकवली जाते. पण निजामुल्मुल्क खय्याम यांच्यापेक्षा सुमारे 30 वर्षांनी मोठे होते. तेव्हा ती कहाणीच समजावी.

काळ सेल्जुक राजवटीचा होता. सगळीकडे उलथापालथ चालू होती. अभ्यासाला निवांतपणा मिळत नाही आणि इल्मची कदर करणारे थोडेच उरलेत, ही व्यथा खय्याम यांनी आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात नोंदवली आहे. 1070 च्या सुमारास, म्हणजे विशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते समरकंदला गेले. तिथले काझी अबू ताहिर यांनी त्यांना आसरा दिला आणि तिथेच हा ग्रंथ आकाराला आला.

आता मुद्द्याचं गणित पाहू. वर्ग समीकरणं त्यांच्या आधी सुमारे 250 वर्षं, बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी नीट मांडून ठेवली होती. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण असं: क्षचा वर्ग अधिक 10 क्ष बरोबर 39. क्ष बाजूचा एक चौरस काढा. 10 क्षचे दोन भाग करून 5 रुंदीच्या दोन पट्ट्या चौरसाच्या दोन बाजूंना चिकटवा. कोपऱ्यात 5 गुणिले 5, म्हणजे 25 ची जागा रिकामी दिसेल. ती भरली की मोठा चौरस 39 अधिक 25, म्हणजे 64 चा होतो. त्याची बाजू 8, म्हणून क्ष बरोबर 3. दहावीत आपण पूर्ण वर्ग पद्धत शिकवतो, ती हीच.

पण समीकरणात क्षचा घन आला की ही युक्ती पुरत नाही. खय्याम यांच्या आधीही लोक इथे अडले होते. नवव्या शतकातले अल्-माहानी आर्किमिडीजचा एक प्रश्न सोडवायला बसले, त्यांनी तो घन समीकरणापर्यंत आणला आणि तिथेच थांबावं लागलं. पुढे अबू जाफर अल्-खाझिन यांनी शंकूच्या छेदांच्या मदतीने ते समीकरण सोडवलं. खय्याम यांनी दोघांचीही नोंद केली आहे. जो अडला, त्याचंही नाव त्यांनी गाळलं नाही.

स्वतः खय्यामही एका प्रश्नात गुंतले होते. वर्तुळाच्या चतुर्थांश कंसावर ठरावीक गुणोत्तर साधणारा बिंदू शोधायचा होता. सरळ वाट सापडेना. मग उत्तर मिळालंच आहे असं धरून ते उलट चालत गेले. प्रश्नाचं रूप बदलत बदलत तो एका काटकोन त्रिकोणावर आला, ज्यात कर्ण हा एक बाजू आणि कर्णावरचा लंब यांच्या बेरजेइतका असतो. त्यातून समीकरण निघालं: क्षचा घन अधिक 200 क्ष बरोबर 20 क्षवर्ग अधिक 2000. वर्तुळ आणि अपास्त जिथे छेदतात तिथे त्यांना उत्तर सापडलं. मग त्रिकोणमितीच्या कोष्टकांवरून त्यांनी त्याची अंदाजे किंमतही काढली. ती साधारण 15.44 येते. मुलांनी कॅल्क्युलेटरवर ताळा करून पाहावा.

एक प्रश्न सुटला म्हणून ते थांबले नाहीत. असे प्रश्न एकूण किती प्रकारचे असू शकतात, हे त्यांनी विचारलं. त्या काळी ऋण संख्या समीकरणात घेत नसत, म्हणून प्रत्येक रूप वेगळं मोजावं लागे. घनापर्यंतच्या समीकरणांचे त्यांनी 25 प्रकार केले. त्यातले 11 जुन्या रीतीने सुटत होते. उरलेल्या 14 प्रकारांपैकी प्रत्येकासाठी कोणते दोन वक्र छेदायचे, ते त्यांनी एकेक करून दाखवलं.

एक सोपा नमुना घरी करता येईल. क्षचा घन अधिक 4 क्ष बरोबर 16. आलेख कागदावर य बरोबर क्षवर्ग भागिले 2 हा अन्वस्त काढा. मग क्ष अक्षावर 0 ते 4 हा व्यास घेऊन वर्तुळ काढा. आरंभबिंदू सोडला तर दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात, तिथे क्ष 2 आहे. ताळा: 8 अधिक 8 बरोबर 16.

आपला ग्रंथ वाचणाऱ्याला युक्लिडची भूमिती आणि अपोलोनियसच्या शंकुच्छेदांचे पहिले दोन भाग आधी यायला हवेत, ही अट खय्याम यांनी स्पष्ट घातली. कठीण उदाहरण येत नाही तेव्हा दोष बऱ्याचदा डोक्याचा नसतो, खालची एखादी पायरी कच्ची राहिलेली असते. आठवीचे अवयव कच्चे असतील तर दहावीचं समीकरण अडणारच.

आणि जे जमलं नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. आकृतीशिवाय, नुसत्या अंकांनी घन समीकरण सोडवण्याची रीत त्यांना सापडली नाही. तसं लिहून पुढे येणाऱ्यांना ती सापडेल अशी आशा त्यांनी व्यक्त केली. ती रीत इटलीत सोळाव्या शतकात सापडली आणि 1545 मध्ये कार्दानो यांच्या ग्रंथात छापली गेली. अशी समीकरणं केवळ पट्टी-कंपासने सुटत नाहीत, हे खय्याम यांचं मत होतं. त्याची सिद्धता तर 1837 मध्ये वांझेल यांनी दिली.

1074 मध्ये सुलतान मलिकशाह आणि वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना इस्फहानच्या वेधशाळेत बोलावलं. 1079 मध्ये तिथल्या कामातून जलाली कॅलेंडर सुरू झालं. पण 1092 मध्ये वजिराची हत्या झाली, त्याच वर्षी सुलतानही वारले. वेधशाळेचा पैसा बंद झाला. खय्याम यांच्यावर अविश्वासाचे दिवस आले. ते हजला जाऊन आले आणि पुढे निशापूरला परतले.

चरित्रकार बैहकी लहानपणी वडिलांबरोबर त्यांना भेटले होते. खय्याम यांनी त्या मुलाला आधी एका अरबी शेराचा अर्थ विचारला, मग वक्र रेषांचे प्रकार विचारले. उत्तरं ऐकून ते खूश झाले. हेच बैहकी लिहितात की शिकवण्यात आणि लिहिण्यात खय्याम जरा हात आखडताच घेत. मोठ्या माणसात उणीवही असतेच.

1131 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. बैहकी यांनी त्यांच्या आप्ताकडून ऐकलेली हकिकत अशी की त्या दिवशीही ते इब्न सीना यांचा ग्रंथ वाचत होते. एका कठीण प्रकरणाशी आल्यावर त्यांनी पानात खूण ठेवली, वसीयत केली, नमाज पढली आणि इशानंतर ते गेले.

पालकांना एवढीच विनंती आहे. मूल एखाद्या उदाहरणापाशी अडून बसलं असेल तर त्याला लगेच गाईडमधलं उत्तर दाखवू नका आणि घराण्याचा दाखला तर मुळीच देऊ नका. उत्तर मिळालंय असं धरून उलट जाऊन बघ, आकृती काढून बघ, खालची कोणती पायरी कच्ची आहे ते शोध, असं सांगा. आणि तेवढा वेळ त्याच्या शेजारी बसा.