पोटात डोकावणारा डॉक्टर आणि डोकं धरणारी गॅब्रिएल

दुर्बिणीनं पोट तपासायचं म्हटलं की आपल्या पोटात आधीच गोळा येतो. आज ती नळी मऊ आणि हवी तशी वळणारी असते. शंभर वर्षांपूर्वी मात्र ती सरळसोट, कडक धातूची होती!

त्या काळात या तपासणीला शिस्त लावली डॉ. रुडॉल्फ शिंडलर यांनी. जन्म १८८८चा, बर्लिनचा. म्युनिकमध्ये त्यांनी शेकडो रुग्णांची जठरं आतून पाहिली आणि १९२३ साली चित्रांसह ग्रंथ छापला. पण धोका मोठा होता. रुग्णानं जरा हिसका दिला तरी अन्ननलिकेला भोक पडायचं. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, त्यामुळे अशी जखम बहुधा जिवावरच बेतायची.

इथे कामी आली त्यांची पत्नी गॅब्रिएल. ती रुग्णाचं डोकं दोन्ही हातांनी योग्य कोनात धरून ठेवायची, त्याला धीर द्यायची. डॉक्टरांचं कौशल्य जितकं मोलाचं, तितकेच हे हात!

१९३२ साली शिंडलर यांनी जॉर्ज वोल्फ या कारागिराच्या मदतीनं खालचा भाग वाकणारी दुर्बीण बनवली. धोका खूप कमी झाला. पण शिंडलर ज्यू वंशाचे. नाझी राजवटीत १९३४ साली त्यांना कैद झाली. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या डॉ. मेरी ऑर्टमायर आणि शिकागोचे डॉ. वॉल्टर पामर यांच्या खटपटीमुळे हे कुटुंब अमेरिकेला पोहोचलं.

तिथेही ते गप्प बसले नाहीत. १९४० साली इतर डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून या तपासणीत झालेल्या मृत्यूंची माहिती त्यांनी गोळा केली आणि उघडपणे छापली. चूक झाकली तर पुढचा रुग्ण दगावतो, हे त्यांनी ओळखलं होतं. १९४१मध्ये त्यांनी या डॉक्टरांची संघटना उभी केली. १९६८ साली म्युनिकमध्ये ते वारले.

आज छोटंसं भोक पडलं तर पुष्कळदा दुर्बिणीतूनच चिमटा लावून ते बंद करता येतं. मात्र वेळ दवडायची नाही. तपासणीनंतर छातीत किंवा पोटात जोराची कळ, ताप, रक्ताची उलटी, काळी शी झाली, तर गॅस झाला असेल म्हणून ओवा चघळत बसू नका, थेट दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि घरातल्या कुणाची तपासणी असली, तर सोबत जा. गॅब्रिएलसारखा धीर आपणही देऊ शकतोच की!