हँडल गेले, शिसे आले

व्हिंटेज मोटारींच्या रॅलीत एखादी गाडी हँडल मारून सुरू होते, तेव्हा जमलेली मंडळी टाळ्या वाजवतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच कामात लोकांची हाडे मोडत असत. हँडल मारण्यापूर्वी स्टिअरिंगजवळची एक दांडी सरकवून इंजिनातली ठिणगी उशिरा पडेल अशी सोय करावी लागे. ते विसरले, की पिस्टन वर पोहोचण्याआधीच सिलिंडरमधले मिश्रण पेट घेई, इंजिन उलटे फिरे आणि हँडल हातावर सणसणीत आदळे. अशा फटक्याने कोपरापासून मनगटापर्यंत जाणाऱ्या रेडियस हाडाचे अंगठ्याकडचे टोक मोडते. अस्थिरोगतज्ज्ञ या दुखापतीला आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. हे हँडल बहुतेक गाड्यांवरून हद्दपार करणारा माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग. आपल्या गॅरेजमध्ये ज्याला नुसते ‘सेल्फ’ म्हणतात, तो सेल्फ-स्टार्टर त्यांनी व्यवहारात आणला. पुढे याच माणसाच्या प्रयोगशाळेतून पेट्रोलमध्ये शिसेही आले.

केटरिंग यांचा जन्म १८७६ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासून त्यांची नजर कमजोर होती. वाचन वाढले की डोके दुखे. सुरुवातीला त्यांनी शाळेत शिकवले, मग विद्यापीठात प्रवेश घेतला; पण डोळ्यांनी साथ न दिल्याने शिक्षण मध्येच सोडून टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या कामगारांत ते दाखल झाले. पुन्हा परत येऊन १९०४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागली. दुकानाच्या गल्ल्यावरचे यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवत. केटरिंग यांनी त्याला विजेची छोटी मोटर बसवली. ही मोटर दिवसभर फिरत नाही, क्षणभर जोर लावते आणि थांबते. त्यामुळे लहान मोटरवरही त्या क्षणापुरता मोठा भार टाकता येतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९०९ साली एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ‘डेल्को’ ही कंपनी काढली. सुरुवातीचे काम चाले ते डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात.

कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांचा एक परिचित, बायरन कार्टर, रस्त्यात बंद पडलेली मोटार सुरू करून द्यायला गेला आणि हँडलच्या फटक्याने त्याचा जबडा मोडला; त्यातून न्यूमोनिया होऊन तो दगावला, असे सांगतात. लेलँड यांनी हँडल नको म्हणून केटरिंग यांना गाठले. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असा जाणकारांचा आक्षेप होता. केटरिंग यांनी गल्ल्याच्या यंत्राचा धडा इथे वापरला. काही सेकंद जोर लावणारी छोटी मोटर इंजिनाला पुरली. इंजिन सुरू झाले की तीच मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरे आणि त्याच विजेवर दिवे लागत. फेब्रुवारी १९११ मध्ये ही व्यवस्था गाडीत बसली आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर ती विक्रीला आली. हँडल मारण्याइतकी ताकद हातात नसलेल्यांनाही आता एकट्याने गाडी काढता येऊ लागली.

पुढे डेल्को जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि १९२० पासून सत्तावीस वर्षे केटरिंग तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते. तेव्हा इंजिनांना ‘नॉकिंग’चा त्रास होता. दाब वाढवला की पेट्रोलचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून पेटे आणि इंजिन खडखडे. बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमुळे हे होते, असा दोष काहींनी केटरिंग यांच्यावरच ठेवला होता. कारण इंधनात आहे असे मानून त्यांनी थॉमस मिजली या तरुण सहकाऱ्याला कामाला लावले. अनेक पदार्थ तपासून झाल्यावर डिसेंबर १९२१ मध्ये मिजली टेट्राएथिल लेडपर्यंत पोहोचले. अगदी थोडे मिसळले तरी खडखड थांबे.

शिसे विषारी आहे, हे वैद्यकाला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. टेट्राएथिल लेड तर कातडीतून आत जाते आणि थेट मेंदूवर परिणाम करते. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजली यांना शिशाच्या बाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली. तरीही त्याच वर्षी डेटनमध्ये हे पेट्रोल विक्रीला आले. त्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंग होते. मालाचे नाव ठेवले ‘एथिल’; शिशाचा उल्लेख नावात नव्हता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे रसायन तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि तीसहून अधिक आजारी पडले.

विक्री काही काळ थांबली. १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये सरकारी आरोग्य परिषद झाली. कामगारांच्या आजारांच्या अभ्यासक डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध नोंदवला. केटरिंग दुसऱ्या बाजूला होते. अल्कोहोल मिसळल्याने नॉकिंग कमी होते, हे त्यांच्याच प्रयोगशाळेने पाहिले होते. पण अल्कोहोल मोठ्या प्रमाणात घालावे लागे, शिसे चिमूटभर पुरे. शिवाय त्याचे पेटंट घेता येत होते. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली आणि शिसे जगभरच्या रस्त्यांवर पसरले.

हँडलची इजा ताबडतोब दिसे, आणि ती हँडल मारणाऱ्यालाच होई. शिशाची इजा सावकाश होते, आणि ती मुख्यतः गाडीत न बसलेल्यांना होते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा राहतो. मुलांसाठी शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी आढळलेली नाही.

केटरिंग यांना आरोग्याची पर्वा नव्हती, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन संस्थेला आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांचे नाव आहे, आणि तिच्या संशोधनाची घडी बसवण्यात त्यांनी लक्ष घातले होते. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये त्यांचे निधन झाले. शिशाचा हिशेब पुढे झाला. वातावरणातले शिसे माणसानेच वाढवले आहे, हे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये मांडले. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झाले. अल्जीरियात, सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये.

आज जुनी गाडी नीट करून रोज चालवायची हौस असणाऱ्यांनी केटरिंग यांचा सेल्फ ठेवावा आणि शिसे सोडून द्यावे. जुन्या ओतीव लोखंडाच्या व्हॉल्व्ह सीटवर शिशाचा थर बसून त्यांची झीज कमी होई. म्हणून शिशाची पूड किंवा द्रव मिळवण्याच्या मागे न लागता इंजिन उघडल्यावर कडक पोलादाच्या सीट बसवून घ्याव्यात. सहा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. तिथे बारीक वायर घातली तर ती तापते आणि आगीचा धोका वाढतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात, ते बदलावेत. जुना रंग कोरडा घासू नये, कारण त्यातही शिसे असू शकते. ओल्या पॉलिश पेपरने, धुळीचा योग्य मास्क लावून, मुलांपासून दूर हे काम करावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

आणि कधी हँडल मारायची वेळ आलीच, तर अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल उलटले, तर हात सुटून येतो.