ओळख थोरांची : भूगर्भाचे वाचक डॉ. होखश्टेटर

या सदरात आतापर्यंत आपण बहुतेक महाराष्ट्रातल्याच थोर माणसांची ओळख करून घेतली. या वेळी ज्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहोत ते महाराष्ट्रात कधी आले नाहीत आणि त्यांचे नाव उच्चारताना आमच्या वर्गात बराच हशा झाला. फर्डिनांड फॉन होखश्टेटर. दोनतीन वेळा सावकाश म्हटले की जमते. न्यूझीलंडच्या भूगर्भशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. आपले रोटोटुना ज्या खोऱ्यात वसले आहे, त्या खोऱ्याच्या पोटात काय आहे हे शास्त्रीय पद्धतीने प्रथम लिहून ठेवले ते त्यांनी.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८२९ रोजी जर्मनीतल्या एसलिंगेन गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते, पण वनस्पतींचे मोठे अभ्यासक. ट्यूबिंगेन विद्यापीठात शिकताना होखश्टेटर यांना दगडांचे वेड लागले. १८५२ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते ऑस्ट्रियाच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्यात लागले. बोहेमियात कार्ल्सबाड नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथले खडक आणि झरे यांचा त्यांनी अभ्यास केला. गरम पाणी नक्की कुठून येते हा प्रश्न तिथेच त्यांच्या मनात घर करून बसला असावा, असे आम्हाला वाटते.

३० एप्रिल १८५७ रोजी, म्हणजे बरोबर त्यांच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ऑस्ट्रियाच्या आरमाराचे 'नोवारा' जहाज जगाच्या सफरीवर ट्रिएस्ट बंदरातून निघाले. होखश्टेटर त्यावर भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून होते. जहाज रिओ, केप टाउन, सिलोन असे करत मद्रासलाही थांबले. (मुंबईला आले असते तर सह्याद्रीचा काळा पाषाण पाहून त्यांनी काय लिहिले असते, याची आम्हाला फार उत्सुकता वाटते.) पुढे सिंगापूर, मनिला, शांघाय, सिडनी करून २२ डिसेंबर १८५८ रोजी नोवारा ऑकलंडला पोहोचले.

त्या काळी आगबोटी कोळशावर चालत आणि ऑकलंडला कोळसा लांबून आणावा लागे. ऑकलंडच्या दक्षिणेला ड्रूरी येथे कोळसा सापडला होता, पण तो कितपत चांगला आणि किती, हे सांगणारा जाणकार नव्हता. असा जाणकार आयताच बंदरात आलेला पाहून सरकारने होखश्टेटर यांना विनंती केली. त्यांनी ड्रूरीला जाऊन थर पाहिले आणि अहवाल दिला. हा जुना काळा दगडी कोळसा नसून नंतरच्या काळातला तपकिरी कोळसा आहे, तरीही तो उपयोगी आहे, असे त्यांचे मत पडले. सरकार इतके खूष झाले की त्यांना इथेच काही महिने ठेवून घ्यावे असा आग्रह धरला. जहाजाच्या प्रमुखांनी परवानगी दिली. ८ जानेवारी १८५९ रोजी नोवारा निघून गेले आणि होखश्टेटर मागे राहिले. ते एकूण नऊ महिने इथे होते. एवढ्या थोड्या काळात एका माणसाने इतके काम कसे केले असेल, हे आम्हाला अजून नीटसे उमगलेले नाही.

प्रथम त्यांनी ऑकलंडच्या ज्वालामुखींचा नकाशा केला. मग ६ मार्च १८५९ रोजी ते आतल्या प्रदेशाकडे निघाले. बरोबर जर्मन मित्र युलिउस हास्ट, छायाचित्रकार ब्रूनो हामेल, चित्रे काढणारे कॉख, दुभाषे ड्रमंड हे आणि सामान वाहणारे माओरी सोबती होते. किनाऱ्यांचे नकाशे इंग्रज आरमाराने केलेले होते, पण आतला भाग कागदावर बहुतेक कोराच होता. होखश्टेटर टेकडीवर चढत, होकायंत्राने आजूबाजूच्या शिखरांचे कोन घेत आणि वहीत लिहीत. दुसऱ्या टेकडीवरून तीच शिखरे पुन्हा पाहिली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे ते शिखर. आपण भूमितीत करतो तेच. फरक एवढाच, की त्यांच्या भूमितीत पाऊस, चिखल आणि नद्या होत्या.

प्रवास वायकाटो नदीतून, माओरी होड्यांतून झाला. टाउपिरीजवळ नदीच्या पश्चिम काठावर कुपाकुपा येथे त्यांनी कोळशाचा थर पाहिला. टाउपिरीच्या दक्षिणेला पसरलेल्या सपाट, दलदलीच्या प्रदेशाला त्यांनी मधले वायकाटो खोरे म्हटले. हेच आपले खोरे! त्या वेळी हॅमिल्टन शहर नव्हते. ते १८६४ मध्ये वसले. रोटोटुना या नावाचा अर्थच ईल माशांचे तळे असा आहे, म्हणजे इथे किती पाणी असेल बघा. इथल्या मातीत टाच घासायच्या वजरीसारखे हलके, भोकाभोकाचे पांढरे खडे सापडतात. तो प्यूमिस. टाउपोच्या ज्वालामुखीतून उडालेला हा दगड नदीने वाहून आणून इथे पसरला. आपल्या पायाखालची माती अशी शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करून आलेली आहे.

पुढे ते टाउपो सरोवरापर्यंत गेले. टोंगारिरो पर्वत माओरींना पवित्र आणि चढण्यास निषिद्ध असल्यामुळे तो त्यांनी दुरूनच पाहिला. मग ओराकेई कोराको येथे वायकाटोच्या दोन्ही काठांवर त्यांना जागोजाग वाफेचे लोट आणि उसळणारे झरे दिसले. टोंगारिरोपासून समुद्रातल्या व्हाकारी बेटापर्यंत हे सारे झरे आणि ज्वालामुखी एका पट्ट्यात येतात, हे त्यांनी ओळखले. कारणही सांगितले. पावसाचे पाणी भेगांतून खोल झिरपते, खाली ज्वालामुखीच्या आगीने तापते, वाफेचा दाब वाढतो आणि पाणी पुन्हा वर येते. म्हणजे झरा हे टोक आहे, खरी गोष्ट खाली आहे.

इथे आपल्या कोकणाची आठवण येते. तिथे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात. उन्हवरे, तुरळ, राजवाडी, तसेच ठाण्याकडचे वज्रेश्वरी-गणेशपुरी ही कुंडे आपल्यापैकी काही जणांनी सुट्टीत पाहिली आहेत. पण दख्खनचे ज्वालामुखी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, ते कधीच थंड झाले. कोकणात खाली शिलारस नाही. पाणी भेगांतून खूप खोल जाते, तिथे पृथ्वीची नेहमीचीच उष्णता त्याला मिळते आणि ते वर येते. टाउपोच्या पट्ट्यात मात्र शिलारस आजही आहे. पाणी दोन्हीकडे सारखेच कढत लागेल, पण चूल वेगळी.

होखश्टेटर यांच्याजवळ डोळे, हातोडी, होकायंत्र आणि तापमापक एवढीच साधने होती. पुढे शंभर वर्षांनी इथल्या शास्त्रज्ञांनी जमिनीत वीज सोडून खालची वाफ शोधली. गरम क्षारयुक्त पाण्याने भरलेला खडक विजेला कमी अडवतो. असा भाग नकाशावर आखला की भूऔष्णिक साठ्याची सीमा दिसते. टाउपोजवळ वैराकेई येथे १९५८ मध्ये वीज तयार होऊ लागली. इटलीतल्या लार्डेरेल्लोनंतरचे जगातले हे पहिले मोठे भूऔष्णिक केंद्र. त्याची किंमतही मोजावी लागली. पाणी उपसल्याने तिथल्या गीझर खोऱ्यातले झरे आटले आणि काही जागी जमीन सुमारे १५ मीटर खचली. ओराकेई कोराकोचे बरेचसे झरे १९६१ मध्ये ओहाकुरी धरणाच्या पाण्याखाली गेले. होखश्टेटर यांनी जे पाहिले त्यातले थोडेच आता आपल्याला पाहायला मिळते.

आता रोटोमहानाची गोष्ट. टारावेरा पर्वताच्या पायथ्याशी हे लहानसे गरम सरोवर होते. त्याच्या काठी झऱ्यांतल्या सिलिकाने शेकडो वर्षांत दोन जिने घडवले होते, एक पांढरा आणि एक गुलाबी. पायरीपायरीवर निळ्या पाण्याची टाकी. पांढऱ्याचे नाव टे टाराटा, गुलाबीचे ओटुकापुआरंगी. जगातले आठवे आश्चर्य म्हणून लोक पुढे दुरून पाहायला येऊ लागले. एप्रिल १८५९ च्या अखेरच्या दिवसांत होखश्टेटर तिथे पोहोचले. त्याच सुमारास त्यांना तीस वर्षे पूर्ण झाली. सरोवरातल्या पुआई नावाच्या चिमुकल्या बेटावर त्यांनी मुक्काम केला, होकायंत्राने काठावरच्या एकेका झऱ्याचा कोन घेतला आणि वहीत सरोवराचा नकाशा काढला. दुसरा एखादा प्रवासी सौंदर्य पाहून थक्क होऊन परतला असता. हेही थक्क झाले, पण मोजायचे विसरले नाहीत.

मे महिन्याच्या अखेरीस मंडळी ऑकलंडला परतली. जूनमध्ये त्यांनी तिथे जाहीर व्याख्यान देऊन आपले निष्कर्ष सांगितले. मग ते दक्षिण बेटावर नेल्सनला गेले. तिथल्या डन पर्वतावर त्यांना एक पिवळट हिरवा जड खडक मिळाला, त्याला त्यांनी डनाइट नाव दिले. आज जगभर हेच नाव चालते. हा खडक पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातला असतो, हे पुढच्या काळात कळले. ऑक्टोबर १८५९ मध्ये ते न्यूझीलंडहून निघाले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

त्यांच्या मागे इथे जे घडले ते लिहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. वायकाटोतल्या माओरींनी त्यांना होड्या दिल्या, वाटा दाखवल्या, जागांची नावे सांगितली. अवघ्या चार वर्षांनी, जुलै १८६३ मध्ये, इंग्रज सरकारचे सैन्य याच वायकाटोत शिरले. त्याच नदीतून वाफेच्या गनबोटी वर आल्या. युद्धानंतर सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली, आणि काही वर्षांत कुपाकुपाचा कोळसा नदीतल्या आगबोटींना मिळू लागला. होखश्टेटर यांनी युद्धासाठी नकाशे केले नव्हते, त्यांच्यावर दोष ठेवणे योग्य होणार नाही. पण जमिनीखाली काय आहे हे एकदा कागदावर आले की तो कागद कोणाच्याही हाती जातो, हेही तितकेच खरे. या जप्तीबद्दल सरकारने वायकाटो-टाइनुई जमातीशी समझोता केला तो १९९५ मध्ये.

एक गंमतीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. नोवारा परत गेले तेव्हा विरेमू टोएटोए आणि टे हेमारा रेरेहाऊ हे दोन माओरी त्यावरून व्हिएन्नाला गेले. तिथल्या सरकारी छापखान्यात ते छपाई शिकले आणि निघताना ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडून त्यांना छपाईचे यंत्र भेट मिळाले. त्यावर नारुआवाहिया येथे माओरी भाषेतले 'टे होकिओई' हे वर्तमानपत्र छापले गेले. ते यंत्र टे आवामुटूच्या संग्रहालयात जपलेले आहे. आमचा हा अंक झेरॉक्स मशीनवर निघतो, तेव्हा आपल्या भाषेतला कागद काढायला किती खटपट पडते हे आम्ही जाणतो.

व्हिएन्नाला परतल्यावर होखश्टेटर १८६० मध्ये तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी जॉर्जियाना बेंगो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. न्यूझीलंडवरचे त्यांचे मोठे पुस्तक १८६३ मध्ये जर्मनीत निघाले, इंग्रजी आवृत्ती १८६७ मध्ये. ऑगस्ट १८६८ मध्ये दक्षिण अमेरिकेत अरिका येथे भयंकर भूकंप झाला आणि त्याच्या लाटा प्रशांत महासागर ओलांडून न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरही आदळल्या. व्हिएन्नात बसून होखश्टेटर यांनी कोणत्या बंदरात लाट किती वाजता पोहोचली याच्या नोंदी जमवल्या. खोल पाण्यात अशी लाट वेगाने धावते, उथळ पाण्यात मंदावते. तेव्हा वेगावरून त्यांनी महासागराची सरासरी खोली काढली. दोरी न टाकता समुद्र मोजला! वितळलेल्या गंधकापासून तयार होणारे चिमुकले ज्वालामुखी पाहून खऱ्या ज्वालामुखीची रचना समजावण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. पुढे ते युवराज रुडॉल्फ यांचे शिक्षक आणि १८७६ पासून व्हिएन्नाच्या नव्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचे प्रमुख झाले. १८ जुलै १८८४ रोजी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. न्यूझीलंडच्या एका दुर्मिळ बेडकाला त्यांचे नाव आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १० जून १८८६ च्या पहाटे, टारावेरा फुटला. सुमारे १२० माणसे मेली, गावे गाडली गेली आणि दोन्ही जिने दिसेनासे झाले. रोटोमहाना आधी फुटून रिकामे झाले आणि मग पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे होऊन भरले. पुआई बेटही गेले. ओळखीची एकही खूण उरली नाही, त्यामुळे जिने नेमके कुठे होते हेच सांगता येईना.

२०११ पासून जीएनएस सायन्स या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर सरोवराचा तळ तपासला. पाण्याखाली आपोआप फिरणारी याने सोडून ध्वनीलहरींनी तळाचे चित्र घेतले, चुंबकीय मोजणी केली. जिन्यांचे काही अवशेष तळाशी आहेत असे त्यांचे म्हणणे पडले. दरम्यान साशा नोल्डन या संशोधकाला स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे होखश्टेटर यांच्या वह्या मिळाल्या होत्या. त्यांत रोटोमहानाचे कोन होते! पृथ्वीचे चुंबकीय उत्तर टोक सरकत असते, म्हणून १८५९ चे कोन आज जसेच्या तसे वापरता येत नाहीत. तो फरक काढून नोल्डन आणि रेक्स बन यांनी २०१७ मध्ये शोधनिबंध लिहिला. जिने आजच्या काठावर, जमिनीखाली दहा-पंधरा मीटरवर असावेत असा त्यांचा निष्कर्ष. जीएनएसच्या शास्त्रज्ञांना तो मान्य झाला नाही. आमच्या वर्गातही यावर दोन तट पडले. खणून पाहिल्याशिवाय निकाल लागणार नाही, आणि खणायचे तर आधी तिथल्या माओरी जमातीची परवानगी हवी.